पोह्यांच्या बशीवर लिहिलेलं 'निरंक'

आमच्याकडे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान सकाळी नऊ वाजता होतं. उन्हात, शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत. एका दिवाळीला माझी मोठी बहीण नागपूरहून आली होती. ती बिचारी पहाटे चारला उठून तेल-उटणं मांडून बसली आणि आम्ही सगळे घोरत पडलेले.

"अरे, सूर्योदयानंतर न्हाणारा नरकात जातो," ती म्हणाली.

मी पांघरुणातून म्हटलं, "अक्का, भोपाळच्या मराठी लोकांसाठी तिथे वेगळे क्वार्टर बांधले असतील. नकाशा आमच्या शेजारच्या वसंतानेच काढला असेल."

अक्काने माझ्या वतीने देवाला हात जोडले आणि एकटीच न्हायला गेली.

हा नऊचा मुहूर्त कुठून आला, हे मी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांना बोलता बोलता अर्धवट सांगून बसलो. त्यांनी उरलेलं अर्धं लिहूनच मागितलं. मी आयुष्यभर रजिस्टरं लिहिली, लेख कधी लिहिला नाही. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. रजिस्टरातही मी चुकलोच होतो, आणि ही हकीकत त्याच चुकीची आहे.

राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरची राजधानी उठून भोपाळला आली, तेव्हा फाइलींच्या गठ्ठ्यांबरोबर जे कारकून आले त्यांतला मी एक. नागपुरात मी आरोग्य खात्यात आवक-जावक लिहीत होतो. इथे आल्यावर एका सकाळी मोठ्या बाबूंनी विचारलं, "सायकल कुणाला येते?" मी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. मला वाटलं, डाक पोहोचवायची असेल. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर मी कुष्ठ कार्यकर्ता झालो. घरी पत्र लिहिलं तेव्हा वडिलांनी उलट टपाली एवढंच विचारलं, "सायकल येत नाही असं सांगता आलं नसतं का?"

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ज्याला महारोग म्हणतात, तो रोग गुपचूप येतो. दुखत नाही, खाजत नाही, ताप नाही. अंगावर कुठेतरी फिकट चट्टा येतो, त्यावर घाम येत नाही, केस झडतात आणि तिथली जाणीव हळूहळू जाते. तेवढ्यात सापडला तर गोळ्यांनी बरा होतो. नाही सापडला तर शिरा धरतो, मग बोटं वाकतात, भाजलेलं-कापलेलं कळत नाही, जखमा होतात. लोक ज्याला रोग समजतात तो हा शेवट. आमचं काम सुरुवात शोधायचं. त्यासाठी घरोघर जायचं, प्रत्येक माणसाला दिवसाच्या उजेडात उघड्या अंगाने बघायचं. चट्टा दिसला की त्याला डोळे मिटायला सांगायचं आणि कापसाच्या बारीक वातीने अंगाला स्पर्श करायचा. पाठीवर असेल तर त्याने मोजायचं: एक, दोन, तीन. जिथे वात टेकली आणि माणूस गप्प राहिला, तिथे रोग. मग कोपराच्या आतल्या बाजूची शीर चाचपायची, जाड लागते का बघायची. बस. एक सायकल, एक रजिस्टर, कापूस आणि भरपूर निर्लज्जपणा, एवढीच आमची अवजारं. ज्या घरी काही सापडलं नाही त्यापुढे लिहायचं 'निरंक'. हा इकडच्या सरकारी हिंदीतला लाडका शब्द. काही नाही, शून्य.

निर्लज्जपणा मी गंमत म्हणून लिहिलेला नाही. सगळी अडचण तिथेच असते. करोंद तेव्हा गावच होतं. तिथल्या पटेलांनी मला सांगितलं, "पहले हमारी भैंस देख लो, फिर हमें देखना." मी म्हैस बघितली. चारी बाजूंनी, गंभीरपणे. तिच्या पाठीवर कापूस फिरवला तेव्हा तिने कातडी थरथरवली. मी म्हटलं, "भैंस ठीक है. अब आप कुर्ता उतारिए." अख्खं गाव हसलं, पटेलांनी कुर्ता काढला आणि मग सगळ्या गावाने काढला.

जुन्या शहरातली गोष्ट वेगळी. तिथे पडदा. आमच्याबरोबर बायकांना बघायला एक सिस्टर असायच्या, पण त्या आठवड्यात त्या रजेवर होत्या. एका हवेलीत तीन सुना होत्या. ठरलं असं, की पडद्याआडून एकेकीने हात बाहेर काढायचा, निदान हात तरी मी बघायचे. पहिला हात आला, बघितला. दुसरा आला, बघितला. तिसरा आला, आणि त्यावर मनगटाजवळ तव्याचा चटका बसल्याची अर्धचंद्राकृती खूण होती. तीच खूण दुसऱ्यावर होती आणि पहिल्यावरही. दोघी लाजऱ्या होत्या म्हणून धीट असलेल्या तिसरीने आपलाच हात तीनदा पुढे केला होता. मी पडद्याकडे तोंड करून चांगलं भाषण ठोकलं. असं खोटं लिहून घेतलं तर कुणाचं नुकसान होईल, रजिस्टर म्हणजे काय खेळ वाटतो का, वगैरे. आतून खुसखुस ऐकू आली. सिस्टर परत आल्यावर तिघींना नीट बघून आल्या. ते भाषण मला अजून तोंडपाठ आहे. पुढे ते मला स्वतःला ऐकवायची वेळ आली.

याच जुन्या शहरात मला शकूर मियाँ भेटले. भोपाळचे मखमली बटवे तुम्ही बघितले असतील, जरीकाम केलेले. ते बनवणारे कारागीर. लाकडी चौकटीवर कापड ताणून त्यावर सुईने जर भरायची. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेलो तेव्हा ते चौकटीवरून उठलेही नाहीत.

"को ख़ां, हमें कोढ़ी के रिये हो?"

"नहीं मियाँ, कोढ़ी कौन कहता है, सिर्फ देखना है."

"देख लिया? अब निकल लो."

मी निघालो. दोन महिन्यांनी ते स्वतः आमच्या केंद्रावर आले. हातात पांढऱ्या मखमलीचा तुकडा होता, त्यावर तीन लाल ठिपके.

"ये मेरा ख़ून है," ते म्हणाले. "सुई लगी, और हमें ख़बर नईं. चालीस बरस में कभी ऐसा नईं हुआ."

त्यांचं वेळेत सापडलं. गोळ्या चालू झाल्या, बोटं सरळ राहिली. पुढे आमची दोस्ती झाली. मी त्यांच्याकडे मीठ घातलेला भोपाळी चहा प्यायला शिकलो. पहिल्या घोटाला वाटलं, मियाँ जुना राग काढताहेत.

आता वसंता. वसंतराव खानोरकर, नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. नागपूरहून आलेल्या त्याच गाडीत, त्याच डब्यात, माझ्या समोरच्या बाकावर. ट्रंकेवर बसून आम्ही दोघांनी त्याच्या आईच्या हातचे सांबारवडीचे, म्हणजे आमच्या नागपुरी कोथिंबीरवडीचे, तुकडे खाल्ले आणि इटारसी येईपर्यंत मित्र झालो. पुढे शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांत शेजारीही झालो. तो चौदा नंबरला, मी सोळाला. क्वार्टरांच्या या ओळींचे नकाशे त्याच्याच टेबलावरून गेले होते, म्हणून कुणाची मोरी तुंबली की अख्खी ओळ त्याच्या नावाने ओरडायची.

वसंताची एक ख्याती होती. तो निखाऱ्यावरचा पापड हाताने उलटायचा. उकळत्या चहाचं बिनकानाचं फुलपात्र दोन बोटांत धरून आरामात बोलत बसायचा. सुशीलावहिनी कौतुकाने म्हणायच्या, "यांना चिमटा लागतच नाही." आणि मी, सहा महिने ट्रेनिंग घेतलेला, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेला कुष्ठ कार्यकर्ता, मांडीवर थाप मारून म्हणायचो, "नागपूरचा उन्हाळा काढलेला माणूस आहे वहिनी, त्याला काय चटका बसणार!"

सगळे हसायचे. मी जरा जास्तच.

आमच्या ओळींत सर्व्हे आला तेव्हा काय झालं ते सांगायला मला आजही जड जातं. चौसष्ट क्वार्टर, बहुतेक सगळे मराठी, सगळे ओळखीचे. कुणी हेडक्लार्क, कुणी अकाउंटंट, कुणाच्या बायकोने आमच्या मंडळींना बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवलेले. त्यांना म्हणू कसं की सदरा काढा, बनियन काढा, उन्हात उभे राहा? मनात दुसरंही एक होतं, ते लिहितोच. मला वाटत होतं, हा रोग तिकडचा. झोपडीतला, गल्लीतला, खेड्यातला. आपल्या लोकांत कशाला असेल? आपल्याकडे तर रोज आंघोळ, रोज धुतलेली बनियन.

मग मी रजिस्टर घेऊन दारोदार गेलो आणि दारोदार चहा प्यायलो. चौदा नंबरला गेलो तेव्हा रविवार होता. वहिनींनी पोहे पुढे ठेवले.

"काय करून राहिला बे?" वसंता म्हणाला. "आम्हाला पण बघणार का?"

"बघितलं," मी म्हटलं, आणि बशी मांडीवर ठेवून, रजिस्टर बशीला टेकवून लिहिलं: क्वार्टर चौदा, व्यक्ती चार, निरंक. पोह्यातल्या हळदीचा डाग त्या पानावर पडला. तो अजून आहे.

त्यानंतर तीन वर्षं गेली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वर्षी सुशीलावहिनींच्या मनात वाण म्हणून बटवे लुटायचे होते. मी म्हटलं, माझ्या ओळखीचे कारागीर आहेत. मी आणि वसंता शकूर मियाँकडे गेलो. मियाँनी चहा मागवला, बिनकानाच्या ग्लासांत. मी माझा ग्लास रुमालात धरला. वसंताने नुसत्या हातात. मियाँ त्याच्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, कौतुकाने.

वसंता नकाशेवाला, त्याला त्या जरीच्या वेलबुट्टीत फार रस. तो चौकटीवर वाकला आणि उजव्या हाताची कड मखमलीवर टेकवून, ड्रॉइंग बोर्डावर टेकवतो तशी, नक्षीच्या रेषा बघायला लागला. "काय लाइन आहे बाप्पा," तो म्हणत होता. "स्केल नाही, काही नाही!" मियाँनी कापडात खोचून ठेवलेली सुई त्याच्या करंगळीच्या खालच्या मांसात शिरली होती. चांगली शिरली होती. त्याने हात सरकवला, सुई सुटली, आणि पांढऱ्या मखमलीवर लाल ठिपका उमटला. वसंता बोलतच होता.

मियाँनी माझ्याकडे बघितलं. मग ठिपक्यावर दुसरं कापड टाकलं आणि वसंताला म्हणाले, "भाईजान, ऊपर वाले कमरे में तैयार बटवे रक्खे हैं, आप पसंद कर लो."

वसंता जिना चढून गेला. मियाँ हळूच म्हणाले, "ख़ां, हमारे घर तो तुम बिना बुलाए आ गए थे. इनके घर नईं गए?"

मी ग्लास खाली ठेवला. गेलो होतो, पोहेही खाल्ले होते, हे त्यांना कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी रविवार. दहाच्या सुमाराला, ऊन मागच्या अंगणात आल्यावर मी चौदा नंबरला गेलो. एवढा घाबरलेला होतो की कापूसच घरी विसरलो. वहिनी देवघरापाशी वाती वळत बसल्या होत्या. त्यांच्या पुढच्या ढिगातली एक वात मी उचलली.

"भाऊजी, वात कशाला?" त्यांनी विचारलं.

"वसंता," मी म्हटलं, "सदरा काढ. बनियन पण. अंगणात चल."

"सकाळीच काय लागली बे तुला?"

"चल म्हटलं ना."

त्याने माझा चेहरा बघितला आणि चेष्टा थांबवली. अंगणात पाठमोरा उभा राहिला. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली तळहाताएवढा फिकट चट्टा होता. कडा स्पष्ट. पाठीवर बारीक लव होती, चट्ट्यावर नव्हती. असले चट्टे मी शेकड्यांनी बघितले होते. पाच पावलांवरून ओळखता आला असता, फक्त पाच पावलांवर उभं राहून बघायला हवं होतं.

"डोळे मीट. वात लागली की मोज."

मानेखाली वात टेकवली. "एक," वसंता म्हणाला. खांद्यावर. "दोन." मग मी चट्ट्यावर आलो. टेकवली. पुन्हा टेकवली. वर, खाली, मध्ये, कडेला. मी मनात मोजत होतो.

"झोपला का बे?" वसंता म्हणाला. "लाव ना."

माझी सात वेळा लावून झाली होती.

कोपराची शीर सुतळीसारखी जाड लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही किंचित आत वळायला लागली होती. मी त्याला सगळं सांगितलं. याला औषध आहे, गोळ्या घ्याव्या लागतील, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, घरात कुणाची ताटवाटी वेगळी करायची गरज नाही. हे मी हजार वेळा हिंदीत सांगितलं होतं. मराठीत पहिल्यांदाच सांगत होतो आणि शब्द सापडत नव्हते.

तो पायरीवर बसला. उजवा हात समोर धरून बघत राहिला. "हा हात गेला तर मी काय करू?" एवढंच म्हणाला. ड्राफ्ट्समनचा हात. मग जरा वेळाने, "तू तर आला होता ना रजिस्टर घेऊन? तीन वर्षांपूर्वी?"

"हो."

"मग तेव्हा काहून नाही बघितलं?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

"तुझीच."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. दारात वहिनी उभ्या होत्या, हातात अर्धी वळलेली वात. त्या म्हणाल्या, "तो डाग मी बघितला होता भाऊजी. दिवाळीत तेल लावताना. पहाटे दिव्याच्या उजेडात नीट दिसला नाही, मला वाटलं गजकर्ण. मलम लावत होते. तुम्हाला विचारणार होते. पण तुम्ही घरी येऊन बघून गेलात आणि काही म्हणाला नाहीत, म्हणून म्हटलं, साधंच असणार."

मला नोकरीत मेमो मिळाले आहेत. पटेलाच्या कुत्र्याने पोटरी फोडली आहे. पण त्या वाक्याएवढं मला काही लागलेलं नाही. मी त्यांच्याकडे गेलोच नसतो तर त्यांनी विचारलं असतं. माझ्या निरंकाने त्यांचं तोंड बंद केलं.

सोमवारी मी डॉक्टरसाहेबांपुढे रजिस्टर ठेवलं आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी हळदीच्या डागावर बोट ठेवलं. "म्हणजे हे एक पान खोटं?"

"नाही सर. चौसष्टही घरं."

त्यांनी पुढची पानं चाळली. मग म्हणाले, "लाल शाईने खोडा, प्रत्येक ओळीवर सही करा आणि रविवारी पुन्हा करा. तुमच्या मित्राचं नाव कुणाला सांगू नका." मेमोही दिला. तो मी जपून ठेवला आहे, प्रमाणपत्राच्या शेजारीच लावणार होतो, पण मंडळींनी लावू दिला नाही.

रविवारी मैदानात टेबल मांडलं. बायकांसाठी शाळेच्या खोलीत सिस्टर. पुरुषांसाठी उन्हात मी. चौसष्ट घरांतले पुरुष कडेला घोळका करून उभे. हेडक्लार्क म्हणाले, "अहो, तुम्ही तर आम्हाला बघितलंय मागे."

"नाही बघितलं. चहा प्यायलो होतो."

"मग आता काय निघालं एकदम?"

मी रजिस्टर उघडलं. नाव सांगायचं नव्हतं, आणि नाव न सांगता कुणी सदऱ्याच्या गुंडीला हात लावत नव्हतं. अर्धा तास तसाच गेला. दोघं-तिघं भाजी आणायची आहे म्हणून निघालेही.

तेवढ्यात चौदा नंबरचं दार उघडलं. वसंता आला, तो घरूनच उघडा. खुर्चीत उलटा बसला, पाठ सगळ्यांकडे करून.

मी वाकून कानात म्हटलं, "अरे, तुला नको. तुझं झालंय."

"तू हो बाजूला," तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हा चट्टा बघून घ्या. याला म्हणतात तो रोग. याने मला तीन वर्षांपूर्वी पोह्यांच्या बशीवर निरोगी केलं होतं. तुम्हाला कुणाला चिवड्यावर केलं असेल, कुणाला भज्यांवर. ज्याला खात्री असेल त्याने भाजीला जावं."

कुणी हसलं नाही. मग हेडक्लार्कांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली.

त्या दिवशी आणखी दोघं सापडले. एक गृहस्थ आणि सिस्टरना एक बाई. दोघंही अगदी सुरुवातीचे. त्यांची नावं वसंतालाही माहीत नाहीत. दोघंही पूर्ण बरे झाले, एकाही बोटाला काही झालं नाही.

वसंताचं तेवढं सुदैव नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, रोग थांबला, पण शीर आधीच बिघडली होती. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायचो. हाताला कोमट तेल लावायचं, दोन्ही बोटं मांडीवर दाबून सरळ करायची, शंभर वेळा. तो मोजायचा आणि मधेच शिव्या द्यायचा. शेजारचं बोट बरंचसं सुधारलं. करंगळी वाकलेली राहिली ती राहिली. हाताची कड कागदावर घासून जखम होऊ नये म्हणून वहिनींनी मऊ मलमलीची एक पिशवी शिवली. ती चढवून त्याने नकाशे काढले. त्याच्या साहेबांना त्याने स्वतःच सांगितलं. साहेब म्हणाले, "रेषा सरळ येते ना? मग बसा." अशी माणसंही असतात.

सगळीच नसतात. वहिनींच्या हळदीकुंकवाला त्या वर्षी निम्म्याहून जास्त बायका आल्या नाहीत. बटवे ताटात तसेच. आमची मंडळी गेली, वाण घेऊन आली, साडी बदलली आणि पुन्हा गेली. "मी आत्ताच नाही का दिलं तुम्हाला?" वहिनींनी विचारलं. "ती दुसरी होती," आमची मंडळी म्हणाली आणि दोघी हसत हसत रडल्या. मला त्या हवेलीतला चटक्याच्या खुणेचा हात आठवला. त्या मुलीवर मी उगाचच एवढं ओरडलो होतो, असं वाटलं. पुढच्या संक्रांतीला बऱ्याच जणी आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांची नावं मी विसरलो. मंडळींना पाठ आहेत.

त्या वर्षीच्या दिवाळीत वसंता म्हणाला, "पहाटे काही दिसत नाही. यंदा उजाडल्यावर तेल लावायचं. आणि सोळा नंबरवाल्यांनी पण इकडेच यायचं."

तेव्हापासून ही पद्धत आहे. सकाळी नऊ वाजता, चौदा नंबरच्या अंगणात, पाट उन्हात. बायका आधी आत आपापसात उरकतात, मग आम्ही पुरुष. मी सगळ्यांच्या पाठी बघतो. मग माझी पाळी येते. इतकी वर्षं हजारो लोकांना बघितलं, मला कोण बघणार, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो वसंताला पडला.

मी पाटावर बसतो. तो वहिनींच्या ढिगातली, संध्याकाळी पणतीत जायची असलेली एक वात उचलतो. अंगठा आणि पहिल्या बोटात धरतो. करंगळी तशीच बाजूला वाकून असते.

"डोळे मीट बे. मोज."

मी मोजतो. मानेखाली एक. खांद्यावर दोन. मग तो मुद्दाम थांबतो. दरवर्षी थांबतो. त्या थांबण्यात मला घाम फुटतो, आश्विनाच्या उन्हाने नव्हे. वात टेकली आहे आणि मला कळत नाहीये, की अजून टेकलीच नाहीये? त्या दिवशी तो असाच उभा होता.

मग टेकते. तीन. चार. पाच. सहा.

"सात," मी म्हणतो.

"सुशीला," वसंता आत बघून ओरडतो, "याला पोहे दे. आता लिहू दे याला काय लिहायचं ते."